पूर ओसरल्यावर कुत्रं घेऊन काळजी केंद्रात जाताना

कर्नाटकात पूरग्रस्तांच्या निवाऱ्याला सरकारी कागदावर ‘काळजी केंद्र’ म्हणतात. कन्नडात काळजी म्हणजे आस्था, निगा. आपल्याकडे त्याच शब्दाला घोर चिकटलेला. शाळेच्या वर्गात बाकं भिंतीला लावून सतरंज्या अंथरलेल्या असतात आणि त्यावर गुडघे पोटाशी घेऊन माणसं बसलेली असतात. ती बघितली की दोन्ही अर्थ एकदमच कळतात.

अशा ठिकाणी शिकवलेलं, शांत कुत्रं घेऊन जायचं आणि माणसांजवळ बसायचं, एवढंच हे काम. त्या कुत्र्याला थेरपी डॉग म्हणतात. २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरानंतर मी आमच्या चिंगीला घेऊन बेळगाव जिल्ह्यातल्या चिकोडी आणि निपाणी तालुक्यांतल्या केंद्रांत जायला लागलो. २०२१ च्या जुलैत यमगर्णीजवळ वेदगंगेचं पाणी महामार्गावर आलं, तेव्हा पुन्हा गेलो. त्यानंतर ‘आमचं पण कुत्रं गुणी आहे, आम्ही येऊ काय?’ असं विचारणारे वाढले. त्यांच्यासाठी हे लिहितोय. यातलं बरंचसं मी चुकतमाकत शिकलोय, हे आधीच सांगून टाकतो.

आधी काही गैरसमज

आपत्तीत दिसणारं प्रत्येक कुत्रं थेरपी डॉग नसतं. २०२४ साली वायनाडला दरड कोसळली तेव्हा केरळ पोलिसांच्या माया आणि मर्फी या कुत्र्यांना ढिगाऱ्याखालचे मृतदेह शोधायला नेलं होतं. ते शोधकाम, नाकाचं काम. अंधांना वाट दाखवणारं कुत्रं एकाच माणसाचं असतं आणि त्याच्यासोबत सगळीकडे जातं. थेरपी डॉगला यातलं काही करायचं नसतं. त्यानं अनोळखी माणसाचा हात अंगावर शांतपणे सोसायचा, आणि हाताला नको असेल तर आपणहून लांब राहायचं.

ही कल्पना तशी जुनी आहे. अमेरिकेत बोरिस लेविन्सन नावाचे बालमानसशास्त्रज्ञ होते. कुणाशी न बोलणारा एक मुलगा त्यांच्या ‘जिंगल्स’ या कुत्र्याशी आपणहून खेळायला लागला, हे त्यांच्या ध्यानात आलं आणि १९६० च्या दशकात त्यांनी त्यावर लिहायला सुरुवात केली. पुढे १९९५ चा ओक्लाहोमा शहरातला बॉम्बस्फोट आणि २००१ चा न्यूयॉर्कवरचा हल्ला, या दोन्ही वेळी वाचलेल्यांजवळ आणि बचावपथकांजवळ अशी कुत्री नेली गेली.

फायदा किती होतो? २०१९ सालीच वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठातल्या २४९ विद्यार्थ्यांवर झालेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. ज्यांनी दहा मिनिटं कुत्र्या-मांजरांना कुरवाळलं, त्यांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, नुसतं बघत उभ्या राहिलेल्यांपेक्षा कमी भरलं. चांगली गोष्ट आहे. पण ते विद्यार्थी अभ्यासाच्या ताणातले होते, त्यांचं घर वाहून गेलेलं नव्हतं. त्यामुळे ‘कुत्र्यानं आघात बरा होतो’ असं कुणाला सांगू नका. थोडा वेळ छातीवरचं ओझं हलकं होतं, माणूस बोलता होतो किंवा न बोलता बसू शकतो. माझ्या मते तेवढ्यासाठीही दहा वेळा जावं.

पहिली पायरी: आपलं कुत्रं यासाठी जन्मलंय का ते बघा

सगळ्यात जास्त मंडळी इथंच अडखळतात, कारण प्रत्येकाला आपलं कुत्रं गुणाचंच वाटतं. घरात गुणी असणं वेगळं आणि दीडशे परक्या माणसांत गुणी राहणं वेगळं.

जातीचा विचार फार करू नका. आपल्या भागात मुधोळ कुत्र्याचा अभिमान मोठा, आणि तो रास्तच आहे. बागलकोट जिल्ह्यातल्या मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी जोपासलेली ही जात. २००५ साली टपाल खात्यानं तिच्यावर तिकीट काढलं. तरी या कामासाठी मुधोळ मी सहसा सुचवत नाही. नजरेवर शिकार करणारं कुत्रं ते, घरच्यांशी जीव लावणारं, पण परक्याचा हात अंगावर आला की आक्रसून जाणारं. अपवाद असतील. लॅब्राडोर चालतं, पण उकाड्यात लवकर दमतं आणि खाण्यावरची त्याची वासना काळजी केंद्रात फार अडचणीची ठरते. आमची चिंगी गावठी, बसस्टँडमागे सापडलेली. गावठी कुत्र्यांत अशी शांत जनावरं पुष्कळ निघतात. ती कुणी तपासून बघत नाही, एवढंच.

वय किमान एक वर्ष पूर्ण हवं आणि सहा महिने तरी तुमच्याच घरात काढलेले हवेत. पिल्लू नेऊ नका. पिल्लू बघून सगळे खूष होतात आणि पिल्लू मात्र भेदरून जातं.

आता घरच्या घरी चाचण्या. अमेरिकन केनल क्लबची दहा चाचण्यांची एक परीक्षा १९८९ पासून चालू आहे. त्यात अनोळखी माणसाचं स्वागत, गर्दीतून चालणं, दुसऱ्या कुत्र्याजवळून जाणं असं असतं. ती चांगलीच आहे, पण आपल्या परिस्थितीला पुरत नाही. मी त्यात आपल्याकडच्या गोष्टी घातल्या. कुत्रं निजलेलं असताना मागं स्टीलचं पातेलं फरशीवर आदळायचं. दचकलं तर चालेल, अर्ध्या मिनिटात सावरलं पाहिजे. डोक्यावरून घोंगडं घेतलेला, काठी टेकणारा माणूस समोरून आणायचा. ओळखीतल्या एखाद्या बाईला हंबरडा फोडल्यासारखं रडायला सांगायचं (आमच्या शेजारणीनं हे इतकं झकास केलं की गल्ली गोळा झाली). जमिनीवर भाकरीचा तुकडा टाकून त्यावरून कुत्र्याला चालवत न्यायचं. शेजारच्या पोरांनी गळ्यात पडावं, शेपूट धरावी, कान ओढावेत. आणि एक खास आपली चाचणी: कुणीतरी येऊन त्याचा ओठ वर करून दात बघावेत. ही का घातली, ते पुढं येईल.

यातल्या कुठल्याही वेळी गुरगुरलं, दात दाखवले किंवा लपून बसलं, तर विषय संपला. त्याला घरी राहू द्या. ते वाईट कुत्रं नाही, त्याला हे काम नकोय.

दुसरी पायरी: गुरांचा दवाखाना

थेरपी डॉगचं पहिलं प्रमाणपत्र हेच. रेबीजची लस दरवर्षी, तारीख आणि शिक्का असलेल्या पुस्तिकेसह. केंद्रावरचा अधिकारी दुसरं काही विचारो न विचारो, ही पुस्तिका मागणारच. लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिसची) लस मिश्र लशीत येते, ती घेतलीय का विचारून खात्री करा. पुरानंतर उंदरांच्या मुतानं दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टो माणसांना होतो, तसा कुत्र्यांनाही होतो. आणि लस सगळ्या प्रकारांना पुरत नाही, म्हणून कुत्र्याला साचलेल्या पाण्यात उतरू देऊ नका, ते पाणी पिऊ देऊ नका. घरून बाटली न्या.

जंताचं औषध दर तीन महिन्यांनी. गोचीड-पिसवा एकही नको. नखं कापून, टोकं घासून न्या. म्हाताऱ्या माणसाच्या हाताची कातडी कागदासारखी असते, एका ओरखड्यानं रक्त येतं. आदल्या दिवशी अंघोळ घाला. खाटकाकडचं कच्चं मांस घालत असाल तर बंद करा, त्यातले जंतू लाळेतून आणि विष्ठेतून जिथं आधीच जुलाबाची साथ पसरायची भीती असते तिथं पोचतात. कुत्री माजावर असेल तर घरी ठेवा. नसबंदी करून घेतली तर ही कटकटच नाही.

तिसरी पायरी: शिकवणी, दोन भाषांत

शिकवायचं फार नाही. ‘बस’, ‘झोप’, ‘थांब’, ‘सोड’ आणि ‘चल’. यात ‘सोड’ सगळ्यात मोलाचं. जमिनीवर गोळ्या, सांडलेला भात, पोरांच्या चपला असं काय काय पडलेलं असतं.

अडचण वेगळीच येते. आपल्या भागात निम्मी माणसं कुत्र्याशी कन्नडात बोलणार. कुणी ‘बा बा’ (ये ये) म्हणेल, कुणी ‘कूडु’ (बस) म्हणेल, आणि आपलं कुत्रं मराठी माध्यमातलं. यावर उपाय म्हणजे सगळे हुकूम हाताच्या खुणेनंही शिकवणं. तळवा खाली म्हणजे झोप, तळवा समोर म्हणजे थांब. मग कोण कुठल्या भाषेत बोलतंय यानं फरक पडत नाही.

हुकूम कुत्र्याला, शब्द तुम्हाला. कन्नड येत नसेल तर निदान एवढं पाठ करा: ‘अंजब्याड्री’ म्हणजे घाबरू नका, ‘मुट्टतीरेन्री?’ म्हणजे हात लावता काय? आणि समोरून ‘ब्याड’ (नको) किंवा ‘साकु’ (पुरे) आलं की दोन पावलं मागं. सीमाभागातले वाद आपण जन्मभर ऐकतोय. केंद्राच्या दारात ते चपलांबरोबर काढून ठेवावेत.

साखळी वापरू नका. सुताचा किंवा नायलॉनचा मऊ, चार-पाच फुटांचा पट्टा घ्या, लांब-आखूड होणारा नको. साखळीचा खुळखुळाट गोठ्यातल्यासारखा वाटतो. ज्याचा गोठा वाहून गेलाय त्याला तो ऐकवू नये.

चौथी पायरी: परवानगी

आपणहून जाऊन उभं राहायचं नाही. केंद्र चालतं तालुका प्रशासनाच्या हुकमावर. तेव्हा तालुका कचेरीत तहशीलदारांच्या नावानं अर्ज द्या, त्याची प्रत केंद्राच्या नोडल अधिकाऱ्याला आणि ग्रामपंचायतीच्या पीडीओंना, म्हणजे पंचायत विकास अधिकाऱ्यांना. अर्ज कन्नडात लिहून घ्या, म्हणजे टेबलावर पडून राहत नाही. सोबत लशीच्या पुस्तिकेची झेरॉक्स, कुत्र्याचा फोटो, तुमचं ओळखपत्र, आणि किती वाजता येणार, किती वेळ थांबणार हे स्पष्ट. केंद्र बहुधा सरकारी शाळेत असतं, म्हणून मुख्याध्यापकांना वेगळं भेटा. शाळा त्यांची आहे. उद्या वर्गात कुत्र्याचे केस निघाले तर पालक त्यांनाच विचारणार.

एका ठिकाणी मला तीन दिवस फेऱ्या मारायला लावल्या आणि शेवटी ‘इथं माणसांना जागा नाही आणि तुम्ही कुत्रं आणताय’ म्हणून परत पाठवलं. तेव्हा राग आला होता. आता वाटतं, त्या माणसाचं सगळंच चूक नव्हतं.

पाचवी पायरी: कधी जायचं

पहिले तीन-चार दिवस अजिबात नाही. तेव्हा बोटी, लष्कर, एनडीआरएफ, औषधं, पांघरुणं, दूध यांचा वेळ असतो. माणसं मोबाइल चार्ज करून हरवलेल्यांना शोधत असतात. दोन वेळचं जेवण, झोपायला जागा आणि डॉक्टर यांची व्यवस्था लागली की मग जा. दुपारी तीन ते पाच ही वेळ मला बरी सापडली. जेवणं उरकलेली असतात, बातम्या सांगणारे पुढारी येऊन गेलेले असतात आणि संध्याकाळची घालमेल सुरू व्हायची असते.

खरी गरज मात्र पुढे लागते, केंद्र बंद झाल्यावर. माणसं घरी जातात, गुडघाभर चिखल असतो, भिजलेलं धान्य कुजून वास मारत असतो, मातीची भिंत बसलेली असते. तेव्हा फोटो काढणारे कुणी नसतात. शाळा सुरू झाल्यावर महिन्याभरानं तिथं जाऊन यावं. आभाळ दाटून आलं की वर्गात रडणारी पोरं तेव्हा सापडतात.

सहावी पायरी: आत गेल्यावर

पहिली फेरी कुत्र्याशिवाय. ते गाडीत सावलीला, सोबत्याजवळ. तुम्ही एकटे आत जा, कोण कुठं बसलंय बघा. बाळंतीण, तान्ही मुलं, उघड्या जखमा, दमेकरी, पूर्वी कुत्रं चावलेलं पोर, हे सगळं ध्यानात घ्या. स्वयंपाकाची जागा कुठं, नमाजाची जागा कुठं, ते विचारा. निपाणी, संकेश्वर, कुडची या बाजूला मुस्लिम कुटुंबं केंद्रात असतातच. कुत्र्याची लाळ लागली तर नमाजाआधी धुवावं लागतं, असं अनेकजण मानतात. त्यांची मुलं धावत येतील, पण आधी आई-बापाला विचारा. उलट बाजूला आपल्याकडे कुत्र्याला देवाचं वलयही आहे. मंगसुळीच्या खंडोबाचं कुत्रं, दत्ताच्या पायाशी बसलेली चार कुत्री. एका आजीनं चिंगीच्या कपाळाला भंडारा लावला होता. पुसू नका, घरी गेल्यावर धुवा. मात्र भंडारा, कुंकू तिच्या डोळ्यांत जाणार नाही एवढं बघा.

आत आल्यावर दाराजवळ एका बाजूला सतरंजी सोडून, फरशीवर बसा. उभं राहू नका. कुत्र्याला झोपवा. कुणाकडेही घेऊन जाऊ नका. ज्याला यायचं तो येतो. तुमच्या दोन्ही बाजूंना वाट मोकळी ठेवा, कोपऱ्यात अडकलेलं कुत्रं आणि कोपऱ्यात अडकलेला माणूस दोघंही घाबरतात.

‘चावत नाही’ हे वाक्य वापरू नका. दात असलेलं प्रत्येक जनावर चावू शकतं. ‘हात लावायचाय काय ओ? आधी हाताचा वास देऊया’ असं म्हणा. हात छातीला किंवा पाठीला, डोक्यावरून नाही. आधी आणि नंतर साबणानं हात धुवायला सांगा. साबण तुम्हीच न्या, तिथला संपलेला असतो.

आता माझी सगळ्यात लाजिरवाणी चूक. पहिल्याच दिवशी चिंगी छान बसली म्हणून मी खिशातून बिस्कीट काढून तिला दिलं. समोर सहा-सात पोरं होती. सगळ्यांची मान बिस्किटाबरोबर फिरली. त्या दिवशी सकाळपासून त्यांना उप्पीट एकदाच मिळालं होतं. मी पुडा खिशात घातला आणि पुन्हा कधी केंद्राच्या आत चिंगीला काही खायला दिलं नाही. तिचं बक्षीस गाडीत. पोरांना बिस्किटं वाटायची असतील तर ती मुख्याध्यापकांकडे द्या, कुत्र्याच्या निमित्तानं नकोत.

आता गोठ्याबद्दल. परदेशी सल्ल्यांत हे सापडत नाही. आपल्याकडे पुरात माणूस घराबद्दल नंतर बोलतो, आधी म्हशीबद्दल. बोटीत बसायला तयार नसलेली माणसं बहुतेक गोठ्यासाठी अडून बसलेली असतात. घरचं कुत्रं छपरावर राहिलेलं असतं, त्याचं नाव काढताना बायकांचा आवाज बदलतो. तुम्ही एक धडधाकट, अंघोळ घातलेलं जनावर घेऊन त्यांच्यात जाता. काहींना बरं वाटेल, काहींना झोंबेल. दोन्हीची तयारी ठेवा. म्हणून मी सुरुवातीलाच विचारतो: ‘तुमच्याकडं जनावरं किती?’ कुत्रं आवडतं काय, हे नंतर.

चिकोडी तालुक्यातल्या एका केंद्रात एक म्हातारा दोन दिवस आमच्याकडं पाठ करून बसला होता. तिसऱ्या दिवशी उठून आला, चिंगीसमोर उकिडवा बसला आणि म्हणाला, “किती दाती हाय ओ ही?” बैलाचं वय दातांवरून सांगायची सवय. त्यानं तिचा ओठ वर केला, दात बघितले, मान हलवली. मग पट्ट्याला हात घातला आणि मी माझ्या मनगटाला मारलेली गाठ चाचपली. “सुरगाठ हाय व्हय?” मी होय म्हटलं. “आमच्या दाव्याला निरगाठ हुती. पाण्यात फुगली. सुटली न्हाई.”

मी काही बोललो नाही. बोलायला काही नव्हतंच. चिंगीनं त्याच्या पायावर हनुवटी टेकली, तीही दमली होती म्हणून. तो वीसेक मिनिटं तसाच बसला आणि उठून गेला. दात बघायची चाचणी तेव्हापासून.

अशा वेळी जिभेवर येणारी वाक्यं गिळायला शिका. ‘जाऊ दे, माणसं तरी वाचली न्हवं’ हे त्यातलं सगळ्यात वाईट. त्याला ते माहीत आहे, आणि ते ऐकून त्याला म्हशीसाठी रडायचीही चोरी होते. ‘सरकार देईल’, ‘देवाची इच्छा’, ‘माझ्या मामाचं पण असंच झालं’, हीही नकोत. काय झालं ते सगळं सांगा, असा आग्रहही धरू नका. जागतिक आरोग्य संघटनेनं २०११ साली मानसिक प्रथमोपचाराची जी पुस्तिका काढली, तिचं सूत्र तीन क्रियापदांचं आहे: पाहा, ऐका, जोडा. उकरून काढा असं त्यात कुठंही नाही.

पोरांच्या बाबतीत एक गोष्ट उपयोगी पडते. त्यांना काम द्या. एकानं पाण्याची वाटी धरायची, एकानं ब्रश फिरवायचा, एकानं ‘आता कुणाची पाळी’ ते सांगायचं. चार दिवस ज्याच्या हातात काहीच नव्हतं त्याला एवढाही कारभार पुरतो. एका वेळी तीनपेक्षा जास्त पोरं कुत्र्याजवळ नकोत.

आणि फोटो काढायचे नाहीत. स्टेटसला तर नाहीच. अंगावर दुसऱ्याचे कपडे असलेल्या माणसाला आपला फोटो कुणी बघावा असं वाटत नसतं.

सातवी पायरी: कुत्रं ‘पुरे’ म्हणतं ते ऐका

ते बोलून दाखवत नाही, पण सांगतं. ओठ चाटणं, सारखी जांभई, तोंड फिरवणं, डोळ्याचं पांढरं दिसणं, शेपूट आत, उकाडा नसताना धापा, अंग झाडणं. दोन खुणा एकत्र दिसल्या की उठायचं. पुढचा माणूस हात पुढं करून बसलेला असला तरी उठायचं. वीस-पंचवीस मिनिटं काम, मग बाहेर झाडाखाली विश्रांती, आणि पूर्ण भेट तासाभराच्या आत. दिवसाला एकच केंद्र. दुसऱ्या दिवशी सुट्टी. केंद्राभोवती खरकट्यासाठी भटकी कुत्री जमलेली असतात, म्हणून गाडीपासून दारापर्यंत एक माणूस पुढं चाललेला बरा. एकट्यानं हे काम करायचं नाही: एकजण कुत्र्याकडं बघणारा, दुसरा माणसांकडं.

आठवी पायरी: चावलं किंवा ओरखडलं तर

लपवू नका. जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटं धुवा. हळद, चुना, मिरची काही लावू देऊ नका. त्याच दिवशी त्या माणसाला सरकारी दवाखान्यात स्वतः घेऊन जा, लशीची पुस्तिका सोबत. तुमच्या कुत्र्याला लस दिलेली आहे म्हणून डॉक्टरांचा निर्णय तुम्ही घ्यायचा नाही. अधिकाऱ्याला लेखी कळवा. आणि ते कुत्रं पुन्हा या कामाला नाही. एकदाही नाही.

नववी पायरी: जोडून द्या

तुम्ही समुपदेशक नाही, कुत्रं तर नाहीच. पण बसल्या बसल्या तुमच्या कानावर अशा गोष्टी येतात ज्या दुसऱ्या कुणाला सांगितलेल्या नसतात. जगायचं नाही असं कुणी बोललं, कुणी दिवसेंदिवस जेवत-झोपत नसेल, पोर बोलायचंच थांबलं असेल, बाप दिवसाच पिऊन पडत असेल, तर ते स्वतःजवळ ठेवू नका. आशा कार्यकर्ती आणि प्राथमिक आरोग्य केंद्र हा पहिला दुवा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक २०२२ पासून चालू आहे, फुकट आहे आणि मराठी-कन्नड दोन्हीत बोलता येतं. गंभीर असेल तर बेळगावचं जिल्हा रुग्णालय आणि धारवाडची मानसिक आरोग्य संस्था. कुणाचं काय ऐकलं ते आरोग्य कर्मचाऱ्याशिवाय कुणाला सांगायचं नाही, घरी बायकोलाही नाही.

काही वेळा जोडून द्यायचं असतं ते वेगळ्याच ठिकाणी. वाचलेलं जनावर आजारी असेल तर फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा क्रमांक १९६२. जनावर गेलं असेल तर पंचनामा झाला का विचारा आणि झाला नसेल तर त्या माणसाबरोबर ग्रामपंचायतीत जाऊन उभं राहा. चिंगीनं जेवढं केलं त्यापेक्षा जास्त उपयोग मला वाटतं अशा तीन-चार पंचनाम्यांचा झाला असेल.

दहावी पायरी: निरोप आणि पुढचा पावसाळा

शेवटच्या भेटीत आज शेवटचं आलोय हे सांगा, विशेषतः पोरांना. आधीच सगळं अचानक गेलेलं असतं, तुमचं कुत्रं तसं नाहीसं व्हायला नको. ‘परत येतो’ म्हणू नका, येणार असाल तर वार सांगा.

घरी आल्यावर कुत्र्याचे पंजे आणि पोट साबणानं धुवा, पट्टा उन्हात टाका, त्याला झोपू द्या. वहीत चार ओळी लिहा: कुठं, किती वेळ, कुत्रं कधी दमलं, कुणाबद्दल कुणाला कळवलं. नावं नकोत. तुम्हालाही दोन दिवस जेवण गोड लागणार नाही, ते होतं. आठवड्यानंतरही झोप येत नसेल तर १४४१६ तुमच्यासाठीही आहेच.

मग दर मे महिन्यात, रोहिणी लागायच्या आत, तीन कामं. लशी आणि पुस्तिका ताजी करणं. तालुका कचेरीत नवा अर्ज देऊन ठेवणं, कारण कोयना धरणाचे दरवाजे उघडले किंवा हिडकलचं धरण भरलं की तिथं कुणाला अर्ज वाचायला वेळ नसतो. शिवाय अधिकारी बदललेले असतात. आणि पातेलं आदळण्यापासून दात बघण्यापर्यंत सगळ्या चाचण्या परत घेणं. गेल्या मे महिन्यात पातेल्याच्या आवाजाला चिंगी उठलीच नाही. आधी वाटलं, किती शांत झाली. मग कळलं, तिला ऐकू कमी येतंय. आता ती घरीच असते, आणि शेजारणीच्या दोन वर्षांच्या काळ्या कुत्र्याची शिकवणी मी सुरू केलीय. ‘सोड’ अजून जमत नाही त्याला.